कंपनीच्या नोंदीत मास्तर बोलत होते

मास्तरांनी उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं. शहरातल्या कितीतरी चालकांनी त्यांच्या शेजारच्या सीटवर पहिला घाम गाळलेला. शिकणारा कितीही चुको, मास्तर आवाज चढवत नसत. "ताई, ती भिंत आपल्याला बघून बाजूला होईल असं मला तरी वाटत नाही," एवढंच शांतपणे म्हणायचे आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचे.

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीण म्हणत. तिनं जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाच्या जाड थरांवरून पातं फिरवायची. खडूची रेघ स्वतः तपासल्याशिवाय पात्याला हात लावायची नाही, म्हणून कारखान्यात तिचा दरारा होता आणि थोडी चेष्टाही होती.

आजार आला तो चोरपावलांनी. आधी गिअरवरून डावा हात निसटायला लागला, मग बोलताना जीभ जड पडायला लागली. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आणि म्हणाल्या, "आवाज आहे तोवर साठवून ठेवा."

मग मास्तर बरेच दिवस आतल्या खोलीत, खिडकीला जाड चादरी लावून, एका माईकसमोर वाक्यं वाचत बसले. 'निळी छत्री दाराशी ठेवली आहे.' 'उद्या पाहुणे येणार की नाही?' असली कशाशी काही संबंध नसलेली शेकडो वाक्यं. त्यातून एका कंपनीनं त्यांचा आवाज बनवून दिला. आता मास्तर खुर्चीत बसत, पडद्याखालच्या पट्टीतला कॅमेरा त्यांची बुबुळं टिपे, ते ज्या अक्षराकडे टक लावत ते अक्षर उमटे आणि शेवटी यंत्र मास्तरांच्याच आवाजात बोले. सावकाश, थोडं सपाट, पण त्यांच्याच. सकाळी मास्तरीण डबा भरत असताना आतून "अगं, पंखा" असं ऐकू आलं, की आजारपण क्षणभर विसरायला व्हायचं.

त्या शुक्रवारी ती कामावर होती. धाकटा दीर मास्तरांजवळ बसला होता. त्याचं रंगाचं दुकान होतं. आठवड्यातून एकदा दुकान नोकरावर टाकून तो भावासाठी यायचा. मनानं मऊ होता, पण हाताला स्वस्थता नव्हती. यंत्र हल्ली रखडत होतं आणि पडद्यावर सारखी पाटी येत होती, की नवी सिस्टिम तयार आहे, घ्या. मास्तर खुर्चीतच डुलकी घेत होते. दिरानं 'हो' दाबलं. मग जागा कमी आहे म्हणून पाटी आली, तेव्हा 'जुन्या सिस्टिमच्या फायली' असं लिहिलेलं सगळं साफ करून टाकलं.

संध्याकाळी मास्तरीण घरात शिरली, तर पडद्यावर डोंगराचं झकास चित्र होतं आणि खालच्या पट्टीतले बारके लाल दिवे विझलेले. मास्तर पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात बघत होते. काहीच हलत नव्हतं.

"वहिनी, नवीन टाकलं बघा," दीर म्हणाला. "फुकट होतं." तिचा चेहरा बघून त्याचा आवाज बसला. "होईल सुरू. जरा वेळ लागत असेल."

नाही झालं. पट्टी बनवणाऱ्यांच्या मदतीच्या नंबरावर एक रेकॉर्ड लावलेली होती. हे मॉडेल नव्या सिस्टिमवर चालत नाही, कृपया जुनी सिस्टिम बदलू नये. रेकॉर्ड तीन भाषांत तेच तेच सांगत राहिली. मास्तरिणीनं फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सोमवार तोंडावर होता.

मास्तरांना गिळता येईना झालं होतं. पातळ केलेलं जेवणसुद्धा दोन चमच्यांनंतर ठसक्यात जायचं, जेवण उरकायला दुपार सरायची आणि तरी अंगावरचे कपडे रोज सैल होत होते. पोटातून नळी बसवायची का, हे ठरवायचं होतं. श्वासाचा जोर घटत होता. आणखी उशीर झाला तर भूल देणंच धोक्याचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी नळी बसवायला सोमवारची वेळ धरून ठेवली होती. मास्तरांनी त्यांना यंत्रावरून सांगितलं होतं, "विचार करतो. सोमवारी बोलतो."

म्हणजे उत्तर मास्तरांच्या डोक्यात तयार होतं आणि बाहेर यायची वाट बंद झाली होती.

मास्तरिणीनं माळ्यावरून अक्षरांचा जुना प्लास्टिकचा तक्ता काढला. यंत्र येण्याआधी त्याच्यावर काम चालायचं. तिनं तो मास्तरांसमोर धरला. "अहो, सोमवारचं सांगा. नळीचं." त्यांची नजर फिरत फिरत 'न' वर थांबली. पुढचं अक्षर शोधताना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पापण्या मिटल्या. परत धरला, परत 'न'. मग पापण्या उघडेचनात.

"नको म्हणतायत," मास्तरीण हळूच म्हणाली.

"नळी म्हणतायत," दीर म्हणाला.



"त्यांना आता सोसवत नाही, भाऊजी. मी बघते रोज. थंडीत एकदा मला म्हणाले होते, आता पुरे."

"ते औषधाला म्हणाले असतील. वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही तुम्हाला हवं ते वाचताय."

"आणि तुम्ही?"

पापण्यांनी 'हो-नाही' विचारावं, तर कोरडे पडलेले डोळे आपोआपच उघडझाप करत होते. फोनवर डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला तुमच्यापैकी कुणाच्या तोंडून नकोय. त्यांच्याकडूनच हवंय. यंत्र सुरू करा. नाही झालं, तर मला सोमवारची वेळ सोडावी लागेल."

शनिवारी सकाळी दुरुस्तीवाला आला. अंगानं चांगलाच रुंद, दारातूनच "कुठाय पेशंट?" म्हणत शिरला आणि खुर्चीतल्या मास्तरांना बघून ओशाळला. बसल्या बसल्या त्यानं आधी परतीची सोय शोधली. नवी सिस्टिम आवडली नाही तर थोडे दिवस मागं जाता येतं, त्यासाठी जुन्या फायली जपून ठेवलेल्या असतात. "इथं तर सगळं झाडून काढलंय कुणीतरी," तो म्हणाला. दीर खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागला.

"मग?"

"मग पुसून नव्यानं जुनी टाकायची."

दुपारपर्यंत जुनी सिस्टिम बसली. ओळखीचा निळा पडदा दिसला तशी मास्तरिणीला हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. डोळ्यांच्या पट्टीचा प्रोग्रॅम टाकायला घेतला, तर तो बसेचना. ही सिस्टिम अधिकृत नाही, आधी अ‍ॅक्टिव्हेट करा. यंत्रामागच्या स्टिकरवरचा लांबलचक नंबर घातला, तर तोही चालेना.

दुरुस्तीवाल्यानं डोकं खाजवलं, यंत्राची जुनी पावती मागून घेतली, बराच वेळ वाचली. मग मास्तरांकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला पटेल असं सांगतो. ट्रकचं लायसन्स असलेल्याला कार चालवू देतात ना? तसं आहे हे. यंत्र विकलं तेव्हा लायसन्स नव्या सिस्टिमचंच होतं. पण त्यात जुनी वापरायचा हक्क होता, म्हणून विकणाऱ्यानं जुनी टाकून दिली. फक्त तो हक्क ऑफिसवाल्या मोठ्या आवृत्तीला असतो. मी टाकली घरगुती." त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. परत पहिल्यापासून."

मास्तरांच्या कोरड्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. ट्रकचं आणि कारचं उदाहरण त्यांना बरोबर वाटलं की चूक, हे विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्यांदा पुसणं, दुसऱ्यांदा टाकणं सुरू झालं. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा मुंगीच्या पावलानं सरकत होता. मास्तरीण मधेच मास्तरांना भरवायला बसली. तिसऱ्या चमच्याला घास अडकला. चेहरा लाल, मग जांभळट. तिनं त्यांना पुढं वाकवलं, दिरानं पाठ थोपटली, कफ ओढायच्या नळीनं तोंडातलं काढलं. श्वास परत लागेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. एरवी अशा वेळी यंत्र असतं, तर मास्तर नंतर काहीतरी वात्रट बोलून सगळ्यांना सैल करत. आज सगळे नुसते उभे राहिले.

"एक विचारू?" दीर दुरुस्तीवाल्याला म्हणाला. "माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला एकानं कसलीशी बारकी फाईल टाकून दिलीय. लायसन्सचं नावच काढत नाही तो. तसं करून टाका ना. दोन मिनिटांचं काम."

"करता येतं," दुरुस्तीवाला नाखुशीनं म्हणाला. "पण चालेल किती दिवस, ते नाही सांगता येत. कधी अपडेट आला की बंद पडतं."

"सोमवारपुरतं तर चालेल!"

मास्तरिणीनं अजून मास्तरांच्या पाठीवरचा हात काढला नव्हता. "आणि मंगळवारी असाच घास अडकला, मी स्वयंपाकघरात असले आणि हे हाक मारायला गेले की नेमकं तेव्हा बंद पडलं, तर? नाही. नीट होत असेल तर नीटच करा."

"वहिनी, तुमच्या नीट करण्यात सोमवार निघून जाईल!"

"माझ्या? कुणामुळे ही वेळ आलीय, भाऊजी?"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. दिरानं चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेला आणि परत येऊन भावाच्या पायांशी बसून राहिला.

मोठी आवृत्ती बसली, तरी नंबर आपोआप घेतला जाईना. सिस्टिम बनवणाऱ्यांना फोन करून ते करायचं ठरलं. पडद्यावर आकड्यांचे गटच्या गट आले आणि ते फोनमधल्या यंत्राच्या आवाजाला वाचून दाखवायचे होते. मास्तरीण वाचायला लागली. सातव्या गटात 'सहा' ऐवजी 'सात' ऐकलं गेलं आणि आवाजानं थंडपणे सांगितलं की नंबर जुळत नाही, पुन्हा सुरुवात करा. दुसऱ्या खेपेला तिनं आकड्याखाली बोट ठेवलं, कापडावरच्या खडूच्या रेघेवरून फिरवावं तसं ते फिरवलं आणि एकेक आकडा तोडून उच्चारला. मग त्या आवाजानं तिला एका माणसाकडे सोपवलं.

"मॅडम, हे लायसन्स तर नव्या सिस्टिमचं दिसतंय."

"हो. नव्याचंच आहे. त्यात जुनी वापरायचा हक्क आहे, तो वापरतोय आम्ही." दुरुस्तीवाला मान हलवून धीर देत होता.

"किती यंत्रांवर टाकलीय?"

"एका. घरात दुसरं यंत्रच नाही."

पलीकडे टकटक झाली. मग त्या माणसानं उलट तेवढेच दुसरे आकडे सांगितले, दुरुस्तीवाल्यानं टंकले आणि अ‍ॅक्टिव्हेट करायची पाटी गेली. पट्टीचा प्रोग्रॅम बसला. लाल दिवे लागले. पडद्यावर मास्तरांच्या नजरेचा गोल ठिपका थरथरत फिरायला लागला तेव्हा दिरानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

राहिला होता आवाजाचा प्रोग्रॅम. बोलायला शब्द जुळवायचा तक्ताही त्याच्यातच होता. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, मास्तरांच्या नावाचा नंबर घातला आणि त्याचा हात माऊसवर तसाच राहिला.

'या लायसन्सवर आणखी यंत्र जोडता येणार नाही.'

प्रोग्रॅम दोनच यंत्रांवर चालू करायची मुभा होती. एकदा विकत घेताना झाला, एकदा मागं डिस्क बदलली तेव्हा, कारण डिस्क बदलली किंवा पुसली की कंपनीच्या हिशोबात ते नवं यंत्र. पुसण्याआधी तो जुन्या जागेवरून रीतसर सोडवून घ्यायला हवा होता, म्हणजे हिशोबात एक जागा मोकळी झाली असती. पण ती जुनी जागा आता उरलीच नव्हती. "यापुढं माझं काही चालत नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "आवाज बनवणाऱ्या कंपनीशीच बोलावं लागेल." जाताना त्यानं आपला नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, मोठ्या आकड्यांत.

त्या संध्याकाळी कंपनीचा फोन लागला नाही. रविवारी सकाळपासून मास्तरीण फोन कानाला लावून बसली. वाट बघायचं संगीत संपे आणि नव्यानं सुरू होई. मास्तरांची खुर्ची तिनं समोरच ओढून घेतली होती, शेजारी दीर बसला होता. ठिपका पडद्यावर फिरत होता, पण त्याला टेकायला अक्षरंच नव्हती.

शेवटी एका बाईंचा आवाज आला. तरुण वाटत होत्या, अदबीनं बोलत होत्या. मास्तरिणीनं पहिल्यापासून सांगितलं.

"हो, मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण आमच्या नोंदीत दोन्ही जागा भरलेल्या आहेत. तुमचा प्रोग्रॅम आत्ता चालू आहे."

"कुठं चालू आहे?"

"जुन्या यंत्रावर."

"हेच ते यंत्र, बाई. पुसलंय आम्ही ते."

"नोंदीत ते वेगळं दिसतं. तिथं आवाज चालू आहे असंच येतंय."

"तुमच्या नोंदीत ते बोलत असतील," मास्तरिणीचा आवाज चिरकला. "माझ्या घरात परवापासून बोललेले नाहीत."

बाई अडखळत म्हणाल्या, "एक अपवाद करता येतो. पण लायसन्स ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी स्वतः फोनवर तशी विनंती करायची असते. सॉरी, नियमच तसा आहे. त्यांना फोन देता का?"

मास्तरिणीला आधी समजेचना की आपण बरोबर ऐकलं का. मग तिच्या डोक्यात सणक गेली. तोंडाशी आलेले सगळे शब्द तिनं गिळले, फोनचा स्पीकर लावला आणि तो मास्तरांच्या तोंडासमोर धरला. "घ्या. विचारा त्यांना."

"सर," पलीकडून आवाज आला, "तुम्ही लायसन्सचे मालक आहात का? कृपया स्पष्ट आवाजात हो किंवा नाही म्हणा."

मास्तरांच्या छातीतून आधी एक घरघर निघाली. मास्तरीण घाबरली, परत ठसका लागला की काय. पण त्यांचे खांदे हलत होते, डोळ्यांच्या कडा सुरकुतल्या होत्या आणि घशातून तुटक तुटक, ओबडधोबड आवाज येत होता. मास्तर हसत होते. शब्द गेले तरी हसू त्यांच्याकडे राहिलं होतं, फक्त बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं. ते थांबेचना. दीरही हसायला लागला, रडत रडत. मास्तरिणीला हसू आलं नाही. तिनं फोन आणखी पुढं धरला.

"ते... हसतायत का?" बाईंनी विचारलं.

"हो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "लाईन सोडू नका. मी वरिष्ठांना उठवते."

वरिष्ठांनी डॉक्टरांच्या पत्राचा फोटो मागितला. डॉक्टरीणबाईंनी सुट्टीच्या दिवशी घरातून पत्र लिहून फोटो पाठवला. मधे दोनदा लाईन तुटली आणि दोन्ही वेळा त्याच बाईंनी उलट फोन केला. दुपार कलल्यावर त्यांनी जुनी जागा नोंदीतून काढली आणि म्हणाल्या, "आता नंबर घाला." दिरानं एकेक अक्षर टंकलं, वहिनीला दाखवलं, तिनं मान हलवल्यावरच बटण दाबलं. तक्ता उघडला. मास्तरांचा साठवलेला आवाज उतरवून घेताना पडद्यावरची रेघ भरत भरत शेवटाला पोचली.

मास्तरांची नजर अक्षरांवर पडली. मास्तरीण आणि दीर दोघंही पडद्याकडे वाकले. ठिपका थांबला, सरकला, थांबला.

"माझ्या यंत्राला," मास्तरांचा आवाज म्हणाला, "हात लावायच्या आधी मला विचारा."

"चुकलो, दादा," दीर म्हणाला. "परत नाही."

"आणि ट्रकवाल्याचं उदाहरण. अर्धंच बरोबर होतं."

मास्तरीण खाली बसली. सोमवारचं विचारायचा तिला धीर झाला नाही. दिरानंही विचारलं नाही. मास्तरही आपण होऊन बोलले नाहीत. त्यांनी सोमवारी बोलतो म्हटलं होतं.

सोमवारी डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी खुर्ची पडद्याच्या बाजूला घेतली, मास्तरांना दिसेल अशी, आणि बाकीच्या दोघांना मागं उभं राहायला सांगितलं. नळीनं काय होईल, काय होणार नाही, सगळं पुन्हा सांगितलं. आजार थांबणार नाही. दिवस वाढतील, किती ते कुणाला सांगता येणार नाही. "आता तुम्ही सांगा."

मास्तरिणीला पाठमोरे मास्तर दिसत होते आणि पडद्यावर एकेक अक्षर. पहिलं 'न'. तिनं दाराची कड घट्ट धरली. ठिपका पुढं सरकला, पुष्कळ वेळ हिंडला.

"नळी घाला," मास्तर म्हणाले. "मला भूक लागते."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "आणि पुढं श्वासासाठी गळ्यात छिद्र पाडायचा प्रश्न येईल..."

"ते नको. आत्ता नळी."

दिरानं वहिनीकडे बघितलं नाही. त्याला जिंकल्यासारखं वाटलं असेल, तर त्यानं ते दिसू दिलं नाही. मास्तरीण स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भूक लागते. माणसाला भूक लागत होती आणि ती त्याच्या पापण्यांत 'नको' वाचत होती. थंडीपासून तिनं मनाशी किती तयारी करून ठेवली होती, शेवटची, हे आत्ता तिचं तिलाच कळलं आणि भीती वाटली.

त्या दुपारी हॉस्पिटलात पोटात नळी बसली. भूल उतरायला वेळ लागला, छातीत कफ साठला, दोन दिवस जिवाला घोर होता. मग मास्तर घरी आले. मास्तरीण पिचकारीनं सावकाश अन्न सोडायला शिकली. महिन्याभरात त्यांचे गाल थोडे भरले.

एके दिवशी पिचकारी धुताना तिनं सांगून टाकलं. "अहो, मला वाटलं होतं तुम्ही नको म्हणणार. तुम्ही दमलात असं वाटलं होतं मला."

ठिपका अक्षरांवर बराच वेळ फिरत राहिला. तिनं पडद्याकडे बघायचं टाळलं. आवाज आल्यावरच मान वर केली.

"तू दमलीस," मास्तर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "धाकट्याला बोलाव. आठवड्यातून दोन दिवस. तू झोप."

ती नको म्हणायला तोंड उघडणार होती. मग ओल्या हातांनीच तिनं दिराला फोन लावला.